जनुक शाबूत, तरी आजार कसा?

गैरसमज: जनुकात लिहिलंय तेच प्रथिन बनतं, मधला आरएनए नुसता निरोप्या.

वस्तुस्थिती: आरएनए पेशीत सहसा एकटा नसतोच. तयार होऊ लागल्यापासून नष्ट होईपर्यंत निरनिराळी प्रथिनं त्याला धरून असतात. त्यातले कोणते तुकडे कापून टाकायचे, केंद्रकाबाहेर कधी सोडायचं, किती काळ टिकू द्यायचं, हे तीच ठरवतात. माणसाच्या सुमारे २०,००० प्रथिन-जनुकांपैकी दीड हजारांच्या आसपास जनुकं अशा प्रथिनांची आहेत. पेशीत लोह कमी पडलं की आयआरपी नावाचं प्रथिन फेरिटिनच्या आरएनएवर जाऊन बसतं आणि लोह साठवणाऱ्या फेरिटिनची निर्मिती थांबते. लोह बाहेरून आत आणणाऱ्या प्रथिनाचा आरएनए मात्र तेच जपतं. यात जनुकात अक्षरही बदलत नाही.

गैरसमज: घरात कोणाला नाही, जनुकही ठीक, मग या प्रथिनांचा आजाराशी संबंध काय?

वस्तुस्थिती: एएलएस या आजारात स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. दहापैकी सुमारे नऊ रुग्णांच्या घराण्यात तो आधी कोणालाच झालेला नसतो. तरीही बहुतेक सर्व रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ या आरएनए-बंधक प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात. हे २००६ मध्ये उघड झालं. टीडीपी-४३ च्या जनुकात दोष मात्र मोजक्याच रुग्णांत असतो. गुठळी डोळ्यांना दिसते म्हणून सारं लक्ष तिच्याकडे जातं, पण केंद्रकातून हे प्रथिन नाहीसं होणंही तितकंच घातक. ते नसलं की आरएनएमधले वगळायचे तुकडे तसेच राहतात आणि चेतातंतूच्या दुरुस्तीला लागणारं स्टॅथमिन-२ नीट बनत नाही.

गैरसमज: जनुकीय आजाराला इलाज नाही, आणि दोष आईच्या घराण्याचा.

वस्तुस्थिती: दोन्ही खोटं, आणि दुसरं तर क्रूर. २०२१ मध्ये मुंबई-पुण्यातल्या बाळांसाठी १६ कोटींच्या इंजेक्शनची वर्गणी सुरू होती, तेव्हा स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी मारणाऱ्या एसएमए या आजाराचं नाव घरोघरी पोचलं. या आजारात सहसा आई आणि वडील दोघंही वाहक असतात आणि दोघंही धडधाकट असतात. बाळाकडे एसएमएन-१ हे जनुक चालू स्थितीत नसतं. त्याच्यासारखंच एसएमएन-२ असतं, पण त्याच्या आरएनएमधून सातवा तुकडा बहुतेक वेळा गळतो आणि अपुरं प्रथिन लवकरच नष्ट होतं. तो तुकडा गाळायला लावणारी प्रथिनं आरएनएवर एका ठरावीक जागी बसतात. ही जागा अमेरिकेत रवींद्र सिंह आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवली. नुसिनर्सेन हे (त्या १६ कोटींच्या इंजेक्शनहून वेगळं) औषध नेमकी तीच जागा अडवतं, मग सातवा तुकडा शाबूत राहतो आणि पुरं प्रथिन तयार होऊ लागतं. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एका आरएनएवरची एक जागा ओळखल्याने मुलं बसू लागली, काही चालूही लागली. मला या साऱ्या संशोधनातलं हे सर्वांत मोलाचं फळ वाटतं.

मेलेल्या चेतापेशी मात्र परत येत नाहीत, म्हणून वेळ महत्त्वाचा. बाळ फार सैल वाटत असेल, चार महिने उलटूनही मान धरत नसेल, तर ‘धरेल हळूहळू’ म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि एसएमएच्या रक्ततपासणीबद्दल स्वतःहून विचारा.