पहिले घर : जादा पैसे कुठे घालावेत?

घर बांधायला काढले की पहिला कागद हाती येतो तो ठेकेदाराचा. चौरस फुटाला अमुक दर, त्यात सिमेंट, सळई, वीट किंवा चिरा, साधी लादी, साधे नळ, साधे दरवाजे. त्याखाली दुसरी यादी असते, ती ‘जादा’ची. मोठी चकचकीत लादी, ग्रॅनाइटचा ओटा, सागवानी मुख्य दरवाजा, पीओपीचे छत, जिन्याला स्टीलचा कठडा. मगरिबनंतर सगळे घर एकत्र बसते आणि चर्चा रंगते ती या दुसऱ्या यादीवर. पहिल्या यादीकडे कोणी फिरकत नाही, कारण त्यातले काहीच मेहमानांना दिसणार नसते.

जादा पैसे घालायची जागा मात्र बहुतेक वेळा त्या पहिल्या यादीतच असते. कोणतीही सुधारणा सुचली की एक प्रश्न विचारून पाहावा : हेच काम दहा वर्षांनी करायचे ठरवले, तर काय काय फोडावे लागेल? दिव्याचे झुंबर बदलायला शिडी आणि पकड पुरते. न्हाणीघराची गळती थांबवायला लादी, कोबा, नळ सगळे उखडावे लागते, शिवाय महिनाभर शेजारच्या घरी वुजू करायला जावे लागते. पाया तर पुन्हा कधीच उघडत नाही.

आपल्या अनेक वाचकांसाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही असे ठरवलेले घर एका दमात उभे राहत नाही. ते कमाईच्या वेगाने वर येते. एका वर्षी जोते, पुढच्या वर्षी भिंती आणि स्लॅब, मग सौदी किंवा कुवेतहून मुलाला पुढची रजा मिळेपर्यंत काम बंद. खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या बाजूला अशी अर्धी घरे गावोगाव दिसतात. या पद्धतीत काही वाईट नाही, डोक्यावर ओझे राहत नाही हा मोठाच फायदा. पण मग क्रमाला फार महत्त्व येते. दर्शनी भागावर आधी खर्च झाला आणि पुढच्या वर्षी आखातातली नोकरी सुटली, तर घराला संगमरवरी पायऱ्या असतात आणि आत न्हाणीघराला दरवाजा नसतो.

पाऊस, खाडी आणि वारा

कोकणातल्या घराचा पहिला शत्रू पाणी. स्लॅब गळू लागला की आपल्याकडे त्यावर पत्र्याचे छप्पर चढवतात. पत्रा चढवायला हरकत नाही, अनेक ठिकाणी तोच शहाणपणाचा मार्ग आहे. पण तो पुढे चढवायचाच असेल तर खांबांसाठी लोखंडी प्लेटा आणि बोल्ट स्लॅब ओततानाच आत बसवून घ्यावेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा या पट्ट्यातल्या हजारो घरांचे पत्रे आणि कौले उडाली. पत्रा किती जाड आहे यापेक्षा तो कशाला आणि कसा बांधला आहे, यावर त्याचे टिकणे अवलंबून असते. प्लेटा-बोल्टांचा खर्च सगळ्या घराच्या हिशेबात किरकोळ निघतो.

स्लॅबलाच नीट उतार दिला, दहा फुटांना साधारण सव्वा इंच, आणि पाणी उतरायला एकाऐवजी दोन-तीन मोठे पाइप ठेवले, तर पुष्कळ दुखणी टळतात. हे पाइप विहिरीकडे वळवता आले तर आणखी चांगले. हजार चौरस फुटांच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९,३०० लिटर पाणी जमते, आणि कोकणात एवढा पाऊस एका दिवसातही पडतो. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या घरांनी हा आकडा जरूर लक्षात घ्यावा. पाणी गाळूनच विहिरीत सोडावे आणि पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर जाऊ द्यावे.

खाडीच्या रेतीचा मोह टाळावा. जवळ मिळते, स्वस्त पडते, पण तिच्यातले मीठ काँक्रीटमध्ये राहते आणि आतली सळई गंजते. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटला तडे जातात आणि पंधरा-वीस वर्षांत छताचे पापुद्रे पडू लागतात. त्यापेक्षा चांगली धुतलेली क्रश सँड घ्यावी. सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांत अंतर राहावे म्हणून कव्हर ब्लॉक लावतात. ते स्लॅबला निदान २० आणि कॉलमला ४० मिलिमीटरचे असावेत, समुद्रालगत याहून जास्त. गवंडी घाईत असला की खडीचा तुकडा सरकवून वेळ मारून नेतो. त्या दिवशी घरातले कोणीतरी जागेवर हजर हवे.

तसेच पाणी मारण्याचे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस आणि बाजारात सर्रास मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटच्या काँक्रीटवर किमान दहा दिवस ओल राहिली पाहिजे. याला पैसा जवळजवळ लागतच नाही. लागतो तो माणूस, आणि आखातातून फोनवर चाललेल्या बांधकामात नेमका तोच नसतो.

पुढेमागे वर मजला चढवायचा आहे का, हे पाया खोदण्याआधी ठरवावे. दोन भावांनी वेगळे राहण्याची शक्यता असेल तर जिना बाहेरून काढावा. मजला चढणार असेल तर पाया आणि कॉलम इंजिनिअरकडून त्या हिशेबाने काढून घ्यावेत, ही वाढ नंतर विकत मिळत नाही. कॉलमच्या रिंगांचे हुक आत वाकवलेले, १३५ अंशांत, असावेत. भूकंपात काटकोनातले हुक उघडतात आणि रिंग निसटते. कोयनेचा १९६७चा आणि किल्लारीचा १९९३चा भूकंप आपल्याच राज्यात झाला आहे. काम वर्षभर थांबणार असेल तर गच्चीवर उघड्या राहिलेल्या सळया कच्च्या काँक्रीटने झाकून ठेवाव्यात. समुद्राचा वारा त्यांना फार दिवस धडधाकट राहू देत नाही.

नदीकाठच्या गावांत जोत्याची उंची हीच सगळ्यात मोठी सुधारणा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा कुठवर चढले याच्या खुणा लोकांनी भिंतींवर करून ठेवल्या आहेत. आपल्या जागेजवळची अशी खूण पाहूनच जोते ठरवावे. तेवढे उंच जाणे परवडत नसेल तर निदान विजेचा मीटर, मुख्य बोर्ड आणि प्लग तरी वर घ्यावेत. वाळवीचे औषधही जोते भरतानाच मारायचे असते. नंतर लादीला भोके पाडून मारता येते, पण तो पर्याय आपणहून कोणी निवडू नये.

शोषखड्डा विहिरीपासून ६० फूट तरी दूर असावा. जांभ्या दगडातून पाणी सहज पाझरते, त्यामुळे आपल्याच नव्हे, शेजाऱ्याच्या विहिरीचेही अंतर मोजावे.

दिवसभर घरात कोण असते?

पैसे पाठवणारा मुलगा वर्षाला महिनाभर घरात राहतो. अम्मी, अब्बा, सून आणि मुले बाराही महिने राहतात. तरी नकाशा ठरतो तो बहुधा मुलाच्या मोबाइलवर आलेल्या चित्रांवरून. वरच्या मजल्यावर चार शयनगृहे, खाली भलामोठा हॉल, आणि म्हाताऱ्या आईबापांसाठी जिन्याखालची खोली. पाच-सहा वर्षांत त्यांचे गुडघे जातात आणि वरचा मजला कबुतरांना राहतो.

म्हणून माझ्या मते पहिल्या घरातली सर्वांत मोलाची जादा गोष्ट कोणती, तर तळमजल्यावर चांगल्या उजेडाची एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर. दरवाजा अडीचऐवजी तीन फुटांचा ठेवावा, म्हणजे उद्या चाकाची खुर्ची लागली तरी आत जाईल. उंबरठा नको. लादी खरबरीत, पाणी पडले तरी पाय धरून ठेवणारी. ही लादी चकचकीत लादीपेक्षा महाग असतेच असे नाही. कमोडशेजारची भिंत भरीव असावी, म्हणजे धरायचा दांडा पक्का बसतो. वुजूसाठी बसायला ओटली, समोर नळ आणि पाय धुतलेले पाणी लगेच वाहून जाईल असा उतार करावा. बेसिनमध्ये एक पाय वर उचलून वुजू करताना म्हातारी माणसे पडतात, आणि खुब्याचे हाड मोडल्यावर जो खर्च होतो त्यात अशी चार न्हाणीघरे होतील.

आणखी एक गोष्ट नळजोडणीच्या आधीच ठरते. शौचकूपाचे तोंड किंवा पाठ किब्ल्याकडे नको, असे आपल्या घरांत पाहिले जाते. महाराष्ट्रातून किब्ला साधारण पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे येतो. त्यामुळे शौचकूप दक्षिणोत्तर बसेल असे नकाशातच लिहून द्यावे. खालचा मैलापाइप एकदा गाडला गेला की मग घरभर हळहळ चालते, पण भांडे काही फिरत नाही.

बैठकीला लागून मेहमानांसाठी वेगळे शौचालय आणि हात धुवायची जागा असली, तर पुरुषमंडळी आली असताना घरातल्या बायकांना कोपऱ्यात अडकून बसावे लागत नाही. बैठकीत बसलेल्याला थेट स्वयंपाकघर दिसू नये, एवढ्यासाठी एखादा दरवाजा दोन फूट सरकवावा लागतो. कागदावर हे फुकट होते.

स्वयंपाकघराबद्दल तर ज्या बाईला तिथे उभे राहायचे आहे तिलाच उभे करून माप घ्यावे. ओटा तिच्या कोपराच्या चार-पाच इंच खाली आला की कंबर दुखत नाही. मिस्त्रीच्या ठरावीक मापाशी तिच्या उंचीचा काही संबंध नसतो. घरात दावती होत असतील, तर आतल्या ओट्यावर ग्रॅनाइट घालण्याआधी मागच्या पडवीत एक मोरी, मोठा नळ आणि देग चढेल अशी चूल किंवा शेगडीची जागा करावी. बकरी ईदला गोश्त धुण्यापासून ते लग्नघरातली भांडी घासण्यापर्यंत सगळे तिथेच होते. रोजचे मासेही. गावातल्या बायका अशी जागा मागतात, आणि चित्रातल्या स्वयंपाकघरात ती कधीच नसते.

खिडक्या समोरासमोर असाव्यात. सरकत्या दोन पल्ल्यांच्या अॅल्युमिनिअम खिडकीची फक्त अर्धीच जागा उघडते, दारासारखी उघडणारी खिडकी पूर्ण वारा देते. कोकणात तिच्यावर दोन फुटांचा छज्जा हवा, नाहीतर चार महिने ती बंदच राहील.

भिंतीच्या आत

विजेच्या कामात आरसीसीबी नावाचा स्विच आग्रहाने बसवून घ्यावा, ३० मिलिअँपिअरचा. अंगातून वीज जाऊ लागली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. नेहमीचा एमसीबी तारा वाचवतो, माणूस वाचवायचे काम आरसीसीबीचे. ओल्या भिंती, ओल्या हातांनी लावलेली पाण्याची मोटर आणि घरात लहान मुले असताना या खर्चाबाबत घासाघीस करू नये. अर्थिंगही खरोखर जमिनीत गेलेले आहे ना, हे पाहावे. गीझर आणि एसीच्या जागी चार चौरस मिलिमीटरची तार आत्ताच टाकून ठेवावी. एसी केव्हा घ्यायचा तो घेऊ.

सौरऊर्जेचेही तसेच. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरगुती संचाला तीन किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. आज संच घेणे जमत नसेल, तर छपरापासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप भिंतीत सोडून ठेवावा.

न्हाणीघरांचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर लादी घालण्याआधी त्यात दोन दिवस पाणी भरून ठेवावे आणि खालचे छत व बाजूची भिंत कोरडी राहते का पाहावे. ठेकेदार कुरकुर करतो. करू द्यावी. ही चाचणी आणि तिच्यानंतरच द्यायचा हप्ता करारातच लिहिलेला बरा.

मग मागे काय ठेवावे? पीओपीचे छत, भिंतीतली कपाटे, मॉड्युलर स्वयंपाकघर, झुंबरे, बाहेरची क्लॅडिंग, नक्षीचे फाटक, महागडे नळ. यातली प्रत्येक गोष्ट राहत्या घरात, एकेक करून, हात मोकळा होईल तशी करता येते. सहा महिने घरात राहिल्यावर तर यातल्या निम्म्या गोष्टींची गरजही वाटेनाशी होते. मॉड्युलर कपाटांचा भुसापाटा कोकणच्या दमट हवेत फुगतो, तिथे कडाप्प्याचे कप्पे आणि साधी दारे जास्त टिकतात. वास्तविक दर्शनी भागाचा बराचसा खर्च गावासाठी होतो. इस्राफ हा शब्द आपण वलीम्याच्या जेवणावरून बोलताना वापरतो, घराच्या बाबतीत तो सहसा आठवत नाही.

हाताशी असलेल्या रकमेचा दहावा भाग बाजूला काढून त्याला शेवटपर्यंत हात लावू नये. पाया खणताना कातळ लागतो, सळईचा भाव चढतो, जून आठवडाभर आधी येतो.

आणि गिलावा होण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे मोबाइलवर फोटो काढावेत. नळाचे आणि विजेचे सगळे पाइप दिसतील असे, शेजारी मोजायची टेप धरून, खोलीचे नाव खडूने भिंतीवर लिहून. ते घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये ठेवावेत. पडद्याच्या दांड्यासाठी पहिले भोक पाडायची वेळ आली, की ड्रिल हातात घेण्याआधी तेच उघडायचे.