परदेशातील परिषद आणि गावचा कारागीर

‘मनुष्यबळ’ हा शब्द अलीकडे फार ऐकू येतो. कामकऱ्याचे कौशल्य कसे वाढवावे, कामाच्या जागी पुढारीपण कोणी व कसे करावे, या विषयांवर देशोदेशी परिषदा भरतात आणि आपल्याकडील प्रतिनिधी तेथे जाऊन येतात. महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावच्या श्रोत्याने यावर साहजिकच विचारावे की, या जाण्यायेण्याने आमच्या पदरात काय पडते? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मिळण्यासाठी अशी एकच परिषद नीट तपासून पाहू. तिला एक मराठी गृहस्थ कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते, आणि तिचे पुढे काय झाले हे वर्षवारीने सांगता येते.

ती म्हणजे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची पहिली परिषद. पहिले महायुद्ध संपल्यावर व्हर्सायच्या तहान्वये ही संघटना निघाली आणि २९ ऑक्टोबर १९१९ रोजी वॉशिंग्टन येथे तिची परिषद सुरू झाली. तिची रचना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रत्येक देशाने चार प्रतिनिधी पाठवावयाचे : दोन सरकारचे, एक मालकांचा व एक कामगारांचा. प्रत्येकाचे मत स्वतंत्र. म्हणजे गिरणीत साचा चालवणाऱ्याच्या वतीने बोलणारा मनुष्य सरकारी प्रतिनिधीच्या पंक्तीला बसणार, आणि त्याच्या मताचे वजनही तितकेच राहणार. हिंदुस्थानातून कामगारांच्या बाजूने गेले ते नारायण मल्हार जोशी.

जोशी मूळचे कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगावचे. काही वर्षे शिक्षकाचे काम करून ते १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगारांसाठी रात्रीच्या शाळा व वाचनालये चालवणे हे लीगचे एक मुख्य काम होते. तेव्हा ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांच्यात आठ वर्षे वावरूनच हा प्रतिनिधी बोटीवर चढला होता.

मात्र एक उणीव होती. तहात असे कलम होते की, कामगारांचा प्रतिनिधी हा देशातील सर्वांत प्रातिनिधिक संघटनेच्या संमतीने निवडावा, अर्थात तशी संघटना असल्यास. आपल्याकडे तेव्हा अखिल देशाची कामगार संघटनाच नव्हती, म्हणून सरकारनेच नेमणूक केली. ही उणीव सर्वांना जाणवली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस जन्मास आली. पुढील परिषदांना कोणी जावे हे कामगारांनी ठरवावे, हा तिच्या स्थापनेमागील एक प्रमुख हेतू होता. या परिषदेचे पहिले फळ हे असे घरातच मिळाले.

आता कामाच्या तासांचे पाहू. वॉशिंग्टनला दिवसाचे ८ व आठवड्याचे ४८ तास हे प्रमाण ठरले; परंतु हिंदुस्थानाकरिता वेगळे कलम घालून ६० तास ठेवण्यात आले. तरीही त्या वेळी आपल्या कापडगिरण्यांत १९११ च्या कायद्याने दिवसाला १२ तास, म्हणजे सहा दिवसांचे ७२ तास राबवता येत असे, हे विसरता कामा नये. १९२२ च्या कायद्याने ६० तास झाले, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांना ५४ झाले, आणि ४८ तास येण्यास १९४६ साल उजाडावे लागले; तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. इतरांसाठी १९१९ मध्ये ठरलेले माप आपल्या पदरात पडण्यास २७ वर्षे लागली. यावरून परिषदेची मर्यादा कळते. परिषद माप हाती देते. त्या मापाने मोजून घेण्याचे काम मात्र घरी परतल्यावरच करावे लागते. जोशी यांनी ते केले. कामगार संघांना कायद्याचे संरक्षण मिळावे असा ठराव त्यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडला, आणि १९२६ मध्ये तसा कायदा झाला. पुढारीपणाचा अर्थ मला तरी असाच समजतो.

आता कौशल्याकडे वळू. याच संघटनेने १९७५ मध्ये मनुष्यबळ विकासाचा करार संमत केला. व्यवसायाचे मार्गदर्शन व शिक्षण रोजगाराशी जोडलेले असावे, आणि त्याचा लाभ कोणताही भेदभाव न होता सर्वांना मिळावा, असे त्याचे सूत्र आहे. भारताने तो २००९ मध्ये मान्य केला. म्हणजे माप आपल्या हाती आले आहे.

ते माप फुलसावंगीला लावून पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये याच गावचा एक तरुण वेल्डिंग कारागीर स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत असताना पाते तुटून मृत्युमुखी पडला. त्याचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. लोखंड वाकवणारा, जोडणारा हात त्याच्यापाशी होता, जिद्द होती, आणि शिकण्याची भूकही होती. सोबत नव्हते ते जोड तपासून “हे पाते अजून फिरवू नकोस” असे अधिकाराने सांगणारे कोणी जाणते माणूस. कौशल्याला धाडसाची वाण सहसा पडत नाही. वाण पडते ती शिक्षकाची, तपासनिसाची आणि सुरक्षित कर्मशाळेची. ‘सर्वांना लाभ’ या शब्दांत आठवीत शाळा सुटलेला मुलगाही येतो, हे करारावर सही करणाऱ्यांनी व परिषदेला जाणाऱ्यांनी सारखेच लक्षात ठेवावयास हवे.

म्हणून परदेशच्या परिषदेहून कोणी आले तर त्यांचा सत्कार अवश्य करावा. पण हार घातल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात. जाण्यापूर्वी आपण कोणत्या कामकऱ्यांशी बोललात? तेथे ठरलेल्यांपैकी कोणती गोष्ट आमच्या तालुक्यात या वर्षी सुरू होऊ शकते? आणि ती झाली की नाही हे पुढच्या वसंतात येऊन कोण सांगणार? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि तो विचारण्याचे काम श्रोत्यांचेच आहे.