शतमक एक, उत्तरे दोन

गगनबावड्याच्या पावसाळ्यात चूर्ण ओल धरते आणि कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर दूर. तेव्हा सितोपलादी चूर्णाच्या किती डब्या साठवाव्यात? सरासरीवर विसंबल्यास गर्दीच्या आठवड्यात रुग्ण रिकाम्या हाताने परततो. त्यापेक्षा ९० वे शतमक, म्हणजे दहापैकी नऊ आठवड्यांची मागणी ज्याच्या आत बसते तो आकडा, आम्हांस अधिक योग्य वाटतो. (शतमक म्हणजे टक्के नव्हेत, ‘नीट’मुळे हे पालकांस ठाऊक आहेच.)

उदाहरणादाखल दहा आठवड्यांची विक्री चढत्या क्रमाने ४, ५, ६, ६, ७, ८, ९, १०, १२, २० डब्या अशी धरू. एक्सेलचे ‘पर्सेंटाइल.इन्क’ हे सूत्र दहातून एक वजा करते, ०.९ ने गुणते व एक मिळविते, स्थान ९.१ येते. नववा आकडा १२, दहावा २०. त्यांतील अंतराचा एक दशांश घेऊन उत्तर १२.८. ‘पर्सेंटाइल.एक्स्क’ दहात एक मिळवून गुणते, स्थान ९.९, उत्तर १९.२. एसपीएसएसची नेहमीची रीत हीच. ‘आर’ प्रणाली मात्र पहिल्या रीतीने चालते. हाइंडमन व फॅन यांनी १९९६ मध्ये अशा नऊ रीतींची तुलना केली आहे.

नोंदी शेकड्यांनी असल्यास हा फरक सहसा नगण्य ठरतो. आपल्या वह्यांत त्या दहा-वीसच असतात. डब्या हवाबंद असतील तर आम्ही २० ठेवू, सुटे चूर्ण असल्यास १३. निरीक्षणे प्रसिद्धीस पाठविणाऱ्या वैद्यांनी मात्र संगणकप्रणालीचे नाव व रीत दोन्ही नोंदवावीत.