मिथिलेच्या चित्रांत कोणाची मिथिला?

१९६६-६७ च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाने भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला बिहारमधील मधुबनीस पाठविले. नवदांपत्याच्या खोलीतील कोहबराची भित्तिचित्रे त्यांच्या आग्रहाने कागदावर उतरली. स्त्रियांना उत्पन्न आणि मिथिलेला राष्ट्रीय ओळख मिळाली. मात्र प्रारंभी ही ओळख प्रामुख्याने ब्राह्मण व कायस्थ घरांतून घडली. पुढे दुसाध या दलित समाजातील स्त्रियांनी अंगावरील गोंदणाच्या नक्षीतून स्वतंत्र शैली साकारली आणि आपला लोकनायक राजा सल्हेश रंगविला. तेव्हा मिथिलेची व्याख्याच विस्तारली. भौगोलिक मानांकन प्रदेशाचे नाव जपते. त्या नावाखाली कोणाची कथा दिसावी, हे ठरवीत नाही. रेल्वेस्थानकांच्या भिंती रंगविताना हा प्रश्न धोरणकर्त्यांनी विचारलाच पाहिजे.