रेघ उमटली, चालक सुटला

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात डिसेंबर २००४ पासून पोलीस गाड्या थांबवून चालकांची लाळ तपासू लागले. गांजा किंवा मेथॅम्फेटामाइनचा माग काही मिनिटांत लागतो.

गंमत अशी, की अशा तपासणीच्या बऱ्याच चाचणी-पट्ट्यांवर रेघ उमटली तर चालक सुटला! गरोदरपणाच्या चाचणीच्या नेमकं उलट. त्या चाचणीतलं संप्रेरक आकाराने मोठं; दोन प्रतिपिंडं त्याला दोन बाजूंनी पकडतात. अमली पदार्थाचा रेणू इतका चिमुकला, की दुसऱ्या प्रतिपिंडाला जागाच उरत नाही. म्हणून तोच पदार्थ पट्टीवर आधीच चिकटवलेला असतो. लाळ स्वच्छ असेल, तर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बांधलेली प्रतिपिंडं त्याला जाऊन बिलगतात आणि लाल रेघ दिसते. लाळेतच पदार्थ असला, तर प्रतिपिंडं वाटेतच त्याला बिलगतात. जागा कोरी राहते. (पट्टी नीट चालली हे सांगणारी रेघ वेगळी.)

खरी डोकेदुखी लाळेची. म्युसिन नावाच्या प्रथिनामुळे ती चिकट, पट्टीवर धड सरकत नाही. गांजाने तोंड कोरडं पडतं, आणि गांजातलं टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य नमुन्याच्या प्लास्टिकलाच चिकटून बसतं.

व्हिक्टोरियात सुरुवातीलाच दोषी दिसलेला एक चालक पुढे प्रयोगशाळेच्या तपासणीत निर्दोष ठरला. पट्टी फक्त संशय नोंदवते. खटल्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो.