पीटर पित्सेओलाक : उत्तर ध्रुवप्रदेशाचा चित्रकार आणि छायाचित्रकार

उत्तर ध्रुवप्रदेशाची जी चित्रे जगाच्या परिचयाची झाली, ती बहुतांशी बाहेरून तेथे गेलेल्या कलावंतांनी निर्माण केलेली आहेत. अमेरिकन चित्रकार विल्यम ब्रॅडफर्ड हा १८६९ मध्ये छायाचित्रकारांना बरोबर घेऊन ग्रीनलंडच्या किनाऱ्याकडे गेला. रॉबर्ट फ्लाहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा चित्रपट १९२२ मध्ये प्रदर्शित झाला. रॉकवेल केंट या चित्रकाराने १९३० नंतरच्या दशकात ग्रीनलंडमध्ये दीर्घकाळ वास्तव्य करून तेथील बर्फ, प्रकाश व माणसे रंगविली. या परंपरेत पीटर पित्सेओलाक याचे स्थान वेगळे आहे. तो स्वतः इनुइट होता. चित्रकार होता, छायाचित्रकार होता आणि आपल्या लोकांचा इतिहास लिहिणाराही होता. चित्राचा विषय असलेल्या समाजातीलच एक माणूस जेव्हा कॅमेरा हाती घेतो, तेव्हा चित्राच्या स्वरूपात नेमका कोणता फरक पडतो, हा प्रश्न त्याच्या कार्याच्या निमित्ताने उपस्थित होतो.

पित्सेओलाकचा जन्म १९०२ मध्ये हडसन सामुद्रधुनीच्या पश्चिम टोकाजवळील नॉटिंगहॅम बेटावर झाला. त्याचे आयुष्य मात्र बॅफिन बेटाच्या नैर्ऋत्य भागात, केप डॉर्सेटच्या परिसरात गेले. (या वसाहतीने २०२० मध्ये किंगाइट, म्हणजे 'डोंगर', हे आपले इनुइट नाव अधिकृतपणे स्वीकारले. त्याच वसाहतीतील विख्यात चित्रकर्त्री पित्सेओलाक आशूना ही वेगळी व्यक्ती होय.) या प्रदेशाला इनुइट लोक 'सिकूसीलाक', म्हणजे जेथे समुद्र गोठत नाही ती जागा, असे म्हणतात. सागरी प्रवाहांमुळे येथील काही पाणी हिवाळ्यातही मोकळे राहते. सील आणि वॉलरस यांची शिकार त्यामुळे शक्य होते आणि मनुष्यवस्तीलाही आधार मिळतो. १९१३ मध्ये हडसन्स बे कंपनीने केप डॉर्सेट येथे ठाणे उघडले आणि ध्रुवीय कोल्ह्याच्या कातडीच्या मोबदल्यात बंदुका, चहा, पीठ व कापड मिळू लागले. पित्सेओलाकच्या पिढीने शिकारीचे जुने जीवन आणि व्यापाऱ्याच्या खातेवहीशी बांधलेले नवे जीवन अशी दोन्ही अनुभवली. तो स्वतः आपल्या तळाचा प्रमुख होता.

त्याच्या कलेचा आरंभ चित्रकलेपासून दाखविता येतो. स्कॉटिश कादंबरीकार व कॅनडाचे गव्हर्नर जनरल जॉन बखन यांचा पुत्र कंपनीच्या नोकरीत केप डॉर्सेट येथे असताना, १९३९ च्या सुमारास, पित्सेओलाकने त्याच्यासाठी जलरंगात चित्रे काढली. केप डॉर्सेटचे नाव ज्यामुळे कलाजगतात गाजले ती मुद्राचित्रणाची चळवळ जेम्स ह्यूस्टन याच्या प्रेरणेने १९५७ च्या सुमारास सुरू झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या जलरंगचित्रांचे महत्त्व कळते. बाहेरच्या बाजारपेठेने 'इनुइट कला' ही संज्ञा रूढ करण्यापूर्वीच हा शिकारी रंगांनी आपले जग नोंदवू लागला होता.

छायाचित्रणाकडे तो कसा वळला, ही हकीकत बोलकी आहे. बालपणी त्याने फ्लाहर्टीला पाहिले होते. १९१३-१४ चा हिवाळा फ्लाहर्टीने दक्षिण बॅफिनच्या किनाऱ्यावर घालविला होता. परंतु पित्सेओलाकने पहिले छायाचित्र घेतले ते १९३० नंतरच्या दशकात. एका गोऱ्या माणसाला ध्रुवीय अस्वलाचे छायाचित्र हवे होते, पण जवळ जाण्याचे धैर्य त्याला होईना. तेव्हा पित्सेओलाकने त्याचा कॅमेरा घेऊन ते काम केले. पुढे १९४० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत एका मिशनऱ्याकडून त्याला स्वतःचा कॅमेरा मिळाला.

यानंतरची अडचण तांत्रिक होती. फिल्म धुण्यासाठी अंधारखोली लागते, रसायने ठराविक उष्णतेची असावी लागतात आणि पाणी गोठून चालत नाही. बर्फाच्या घरात यांपैकी काहीच सहजसाध्य नव्हते. पित्सेओलाक व त्याची पत्नी आग्गिओक यांनी इग्लूतच फिल्म धुण्याची पद्धत बसविली. विजेरीवर लाल कापड गुंडाळून ते सुरक्षित दिव्याचे काम भागवीत. तांबड्या प्रकाशाला न जुमानणाऱ्या फिल्मवर अशा दिव्याचा परिणाम होत नाही, हे या युक्तीमागील तत्त्व होय. दुसरी अडचण बर्फाच्या झळाळीची. स्वच्छ दिवशी आकाश आणि बर्फ दोन्ही चित्रात सारखीच पांढरी उतरतात व माणसांचे चेहरे काळवंडतात. यासाठी त्याने उन्हाच्या जुन्या चष्म्याची काच भिंगापुढे धरण्याची योजना केली. या यशात आग्गिओकचा वाटा मोठा आहे. या चित्रसंग्रहाला एका व्यक्तीची निर्मिती न मानता एका कुटुंबाचा उद्योग मानणे अधिक न्याय्य ठरेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. फ्लाहर्टीने आपल्या चित्रपटासाठी प्रसंगांची मांडणी केली होती, हे आता सर्वश्रुत आहे. नायकाचे खरे नाव अल्लाकारिआल्लाक असे होते. चित्रीकरणास प्रकाश मिळावा म्हणून इग्लू अर्धाच बांधला होता. बंदुका वापरात आलेल्या असतानाही शिकार जुन्या हत्यारांनी करून दाखविण्यात आली. यावरून बाहेरचा कलावंत बनाव रचतो व आतला कलावंत जसेच्या तसे चित्र देतो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती तशी नाही. पित्सेओलाकनेही अनेक छायाचित्रे मांडून घेतली आहेत. कुटुंबातील माणसांना त्याने जुन्या पद्धतीचे कातडी पोशाख घालावयास लावले, जुनी हत्यारे हाती दिली आणि मागील पिढीतील रीती प्रत्यक्ष करून दाखविण्यास सांगितले.

तेव्हा फरक मांडणीच्या असण्यानसण्यात नाही. तो मांडणीच्या हेतूत आणि ती करणाऱ्याच्या अधिकारात आहे. फ्लाहर्टीची मांडणी दूरच्या प्रेक्षकापुढे काळाचा स्पर्श न झालेला माणूस उभा करते आणि झालेला बदल दृष्टीआड ठेवते. पित्सेओलाकची मांडणी बदल घडून गेला आहे हे गृहीत धरूनच केलेली आहे. आपल्या नातवंडांना पूर्वजांचे जीवन कसे होते हे कळावे, हा त्याचा उद्देश होता. पोशाख कसा बेतावा, हत्यार कसे धरावे, हे तो स्मरणातून व प्रत्यक्ष अनुभवातून जाणत होता. शिवाय त्याच संग्रहात कापडी तंबू, दुकानातील कपडे घातलेली माणसे आणि तळावरील रोजचे जीवनही आहे. जुने आणि नवे यांपैकी काहीही लपविलेले नाही.

या नोंदीला घाई होती. १९५० व १९६० च्या दशकांत विखुरलेले शिकारी तळ मोडून कुटुंबे शाळा व दवाखाने असलेल्या वसाहतींत येऊ लागली. आयुष्याच्या अखेरीस पित्सेओलाकही केप डॉर्सेटमध्येच राहावयास आला. कॅमेऱ्याबरोबरच त्याने लेखणीही चालविली. इनुइट भाषेच्या लिपीत प्रत्येक चिन्ह एका अक्षराचे द्योतक असते व चिन्हाची दिशा फिरविली की त्यातील स्वर बदलतो. या लिपीत त्याने आपल्या प्रदेशाची हकीकत लिहून काढली. दरवर्षी माल घेऊन येणारे 'नॅस्कोपी' हे जहाज १९४७ मध्ये केप डॉर्सेटजवळ खडकावर आदळून नष्ट झाले, तो प्रसंगही तीत आहे. डोरोथी हार्ले इबर यांच्या सहकार्याने सिद्ध झालेला तो ग्रंथ, 'पीपल फ्रॉम अवर साइड', १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास लेखक उरला नव्हता. १९७३ मध्ये त्याचे निधन झाले होते.

त्याच्या दीड हजारांहून अधिक निगेटिव्ह कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने मिळविल्या. त्या आज कॅनेडियन म्युझियम ऑफ हिस्ट्रीच्या ताब्यात आहेत. चित्रातील माणसांची नावे व नाती ठाऊक असलेल्या माणसाने टिपल्यामुळे या संग्रहाला वंशावळीचे व सामाजिक इतिहासाचे साधन म्हणूनही मोल आहे. अर्थात यालाही मर्यादा आहेत. ही एका तळप्रमुखाची दृष्टी आहे. त्या समाजातील प्रत्येक स्तराची ती असेलच असे नाही. तथापि छायाचित्राचे पुरावा म्हणून मूल्यमापन करताना ते 'खरे की रचलेले' एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ते कोणी, कोणासाठी आणि कोणत्या ज्ञानाच्या आधारे घेतले, हेही तपासावे लागते. पित्सेओलाकच्या कार्यातून अभ्यासकाला मिळणारा हा पद्धतिविषयक धडा ध्रुवप्रदेशापुरता मर्यादित नाही.