कुरळे केस : भांडण नको, ओळख हवी



मागच्या महिन्यात आपल्या वर्गात 'माझे शरीर' हा पाठ चालू होता. नाक, कान, डोळे झाले आणि आम्ही केसांवर आलो. "आपले केस कसे आहेत, सांगा बरं!" असे विचारल्यावर कुणी म्हणाले काळे, कुणी म्हणाले लांब. आठ वर्षांची एक मुलगी मात्र खाली बघत म्हणाली, "माझ्या झिंज्या आहेत." सगळी मुले हसली. आम्हाला हसू आले नाही. 'कुरळे' हा शब्द तिला ठाऊकच नव्हता. 'झिंज्या' मात्र पाठ होता, कारण दर शनिवारी वर्गाला निघताना, डोक्यात कंगवा अडकला की तो कानावर पडत होता. खरे सांगायचे तर आमच्याही घरी हेच चालत आले आहे. म्हणून या अंकात कुरळ्या केसांची नीट ओळख करून घेऊ.

केस कुरळे का असतात?

डोक्याच्या त्वचेत जिथून केस उगवतो, ती बारीक नळी काहींची सरळ असते, काहींची वाकडी. वाकड्या नळीतून येणारा केस वळणे घेतच बाहेर पडतो. सरळ केस आडवा कापला तर त्याची चकती बहुधा गोल दिसते, कुरळ्याची चपटी. ही ठेवण आईवडील, आजीआजोबा यांच्याकडून आलेली असते. म्हणजे कुरळा केस हा बिघडलेला सरळ केस नव्हे. तो मुळातच तसा आहे.

त्याची एक अडचण मात्र खरी आहे. त्वचेतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून घसरगुंडीसारखे खाली उतरते. कुरळ्या केसाचा रस्ता खंडाळ्याच्या घाटासारखा! तेल वाटेतल्या वळणांवरच राहते आणि टोके कोरडी पडतात. कुरळा केस हट्टी नसतो, तहानलेला असतो.

केस पिंजारतात कसे?

पूर्वी आपल्याकडे दारावर पिंजारी यायचा. गादीतला दबलेला कापूस तो पिंजून द्यायचा. तंतू न् तंतू सुटा झाला की कापूस फुगायचा. 'केस पिंजारले' असे आपण म्हणतो ते यावरूनच. कुरळे केस एकमेकांना धरून बटा करून राहतात. कोरड्या केसांत कंगवा घातला की बटा मोडतात, केस सुटा होतो आणि डोक्याचा कापूस होतो. म्हणजे बरेचदा पिंजारी आपणच असतो.

दुसरे कारण हवेतला दमटपणा. केस हवेतले पाणी ओढून घेतो आणि किंचित लांब होतो. हा गुण इतका भरवशाचा आहे की जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने माणसाचा केस वापरून हवेची आर्द्रता मोजायचे यंत्र केले आणि 1783 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. केसाच्या आत काही नाजूक बंध असतात. पाणी लागले की ते सुटतात, वाळताना पुन्हा जुळतात. वाळताना केस ज्या आकारात असेल, तो आकार टिकतो. पावसाळी दिवशी कोरडा केस मधूनच पाणी पितो आणि प्रत्येक केस आपापल्या दिशेला वळतो.

त्यात इथले पाणी! लंडनच्या आसपासचे पाणी खडूच्या खडकांतून झिरपून येते, म्हणून ते जड असते. केटलीत जो पांढरा थर बसतो, तेच क्षार केसांवरही बसतात आणि केस खरखरीत होतात.

मग करायचे काय?

1. केस रोज धुऊ नयेत. मुलांना आठवड्यातून एकदा-दोनदा पुरते. शाम्पू फक्त डोक्याच्या त्वचेला चोळावा. टोकांना वरून ओघळणारा फेस पुरे.

2. नंतर कंडिशनर भरपूर लावावा आणि तो केसांत असतानाच गुंता सोडवावा. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने. सुरुवात टोकापासून करावी आणि हळूहळू वर जावे. बारीक दातांची फणी फक्त उवा काढायला, आणि तीही ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसांतच.

3. जाड टॉवेलने खसाखसा पुसू नये. त्यापेक्षा आपला सुती पंचा उत्तम. त्यात केस मुठीने दाबून पाणी टिपावे. पंचा नसेल तर जुना टी-शर्ट चालेल.

4. केस ओले असतानाच थोडासा जेल किंवा न धुता ठेवायचा कंडिशनर तळहातावर घेऊन बटा खालून वर दाबाव्यात. मग वाळेपर्यंत हात लावायचा नाही. सगळ्यात अवघड काम हेच!

5. झोपताना उशीवर रेशमी कापड घालावे. जुन्या साडीचा तुकडाही चालतो. त्यावर केस कमी घासतात. वेणी घालायची तर सैल घालावी. रोज ओढून बांधलेल्या घट्ट वेण्यांनी कपाळाजवळचे केस विरळ होऊ शकतात.

6. केस सरळ करायची तापती इस्त्री मुलांच्या हाती देऊ नये. ओल्या केसांवर तर ती कधीच फिरवू नये. आतल्या पाण्याची वाफ होते, केसात बुडबुडे होतात आणि केस तुटतो.

आणि आजीचे तेल?

आजी भारतातून आली की पहिली खोबरेलाची बाटली बाहेर येते आणि मुले पळतात. पण आजीचे म्हणणे खोटे नाही. मुंबईच्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून जे प्रथिन निघून जाते, ते कमी करण्यात फक्त खोबरेल उपयोगी ठरले, कारण ते केसाच्या आत शिरते. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही सांगायला हवे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचा क्रम आठवा : आधी तेल, मग स्नान. कुरळ्या केसांनाही तोच क्रम सोयीचा. न्हाण्यापूर्वी तासभर थोडे तेल लावावे, म्हणजे शाळेत तेलकट डोक्याने जावे लागत नाही.

पालकांना आमची विनंती दोनच गोष्टींची आहे. कोरड्या केसांना कंगवा लावू नका आणि मुलांना 'झिंज्या' हा शब्द लावू नका. आपली भाषा मुलांनी प्रेमाने बोलावी असे वाटत असेल, तर त्यांच्या स्वतःच्या डोक्यासाठी तिच्यात एखादा चांगला शब्द असायला हवा. तो आहेही : कुरळे केस, कुरळ्या बटा. फळ्यावर आम्ही आता हेच लिहिले आहे.

मुलांनो, पुढच्या शनिवारसाठी : आपल्या घरात असे केस कुणाकडून आले? आईकडून, बाबांकडून की पणजीकडून? फोन करून आजीआजोबांना विचारा आणि पाच ओळी मराठीत लिहून आणा. जुना फोटो मिळाला तर तोही आणा. सरळ केसवाल्यांनीही आणायचा बरं का!